एजन्सीच्या टेबलाची दुसरी बाजू

(अकोल्याच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप. हेच मुद्दे त्याआधी अमरावतीत मांडले होते. तिथल्या बायकांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे त्यांत बरीच भर पडली.)



मला बोलायला सांगितलं होतं ते 'स्त्रिया आणि रोजगार' या विषयावर. हा विषय मोठा आहे, आणि वऱ्हाडात त्याची सुरुवात निंदण-वेचणीच्या मजुरीपासूनच करावी लागते. आज मी त्यातला एक लहानसा कोपरा घेणार आहे. नोकरी लावून देणारी एजन्सी. कुणी तिला कन्सल्टन्सी म्हणतं, कुणी 'प्लेसमेंटवाले' म्हणतं. आपल्या शिकलेल्या मुली रोज त्यांच्याशी फोनवर बोलतात, पण त्यांच्याशी वागायचं कसं हे त्यांना कॉलेजात कुणी सांगत नाही आणि घरीही सांगत नाही. घरच्यांना ते माहीतच नसतं.

मी सात वर्षं पुण्यात अशाच एका एजन्सीत काम केलं. टेबलाच्या त्या बाजूला बसून. आता अमरावतीत मुलींचे अर्ज, कागद, पगाराची पत्रं बघून देते. म्हणजे आता या बाजूला आहे. दोन्ही बाजू पाहिल्यामुळे जे दिसलं तेवढंच सांगते.

आधीच्या पिढीला एकच दार ठाऊक होतं, ते म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज. १९५९ च्या कायद्याने सरकारी आणि मोठ्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक केलं. कळवणं बंधनकारक, त्यांच्याच यादीतून माणूस घेणं नव्हे. हा फरक कार्ड काढणाऱ्या कितीजणींना कुणी सांगितला असेल? पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की केवळ एक्स्चेंजने पाठवलेल्या नावांतून भरती करणं पुरेसं नाही, जाहिरातही द्यायला हवी. हळूहळू त्या कार्डाचं वजन कमी झालं. आज ती नोंदणी 'महास्वयम'वर होते. ती जरूर करा, फुकट आहे. पण पुण्या-नागपूरच्या कंपनीतली अकाउंट असिस्टंटची किंवा फोनवर ग्राहकांशी बोलण्याची जागा बहुधा तुम्हाला कळते ती एजन्सीतल्या एखाद्या मुलीच्या फोनवरून. 'मॅडम, आपला रेझ्युमे पाहिला.' इथून गोष्ट सुरू होते.

ही फोन करणारी मुलगी कुणाची? अकोल्यात बसलेल्या बायकांना अडत्या समजावून सांगायची गरज नाही. आपण कापूस, तूर घेऊन बाजार समितीत जातो, अडत्या बोली लावतो, सौदा होतो. तो आपल्याला नावाने ओळखतो, अडीनडीला चार पैसेही देतो. तरी काट्यावर आपण उभ्या राहतोच की नाही? तसंच हे आहे. एजन्सीतली मुलगी गोड बोलेल, 'ताई' म्हणेल, मनापासून मदतही करेल. पण तिला पैसे देते कंपनी. रुळलेला दर सांगते: वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार. मोठ्या पदांना याहून जास्त. कंपनी हे पैसे देते ते तुम्ही कामावर रुजू झाल्यावर. आणि करारात बहुतेक वेळा अशी अट असते की साधारण तीन महिन्यांच्या आत तुम्ही नोकरी सोडली, तर एजन्सीने दुसरं माणूस फुकट द्यायचं किंवा पैसे परत करायचे.

हे दोन-तीन आकडे लक्षात ठेवा, कारण तिच्या बऱ्याच वागण्याचा अर्थ त्यांतून लागतो. ती तुमच्यासाठी नोकरी शोधत नसते, तिच्याकडे असलेल्या जागेसाठी माणूस शोधत असते. म्हणून 'दोन दिवसांत कळवते' म्हणून ती पंधरा दिवस फोन करत नाही, तेव्हा तुमच्यात काही खोट आहे असं नसतं. ती जागा भरली असेल किंवा कंपनीने बंद केली असेल. आपल्या मुली हे फार मनाला लावून घेतात. घरी बोलणी ऐकावी लागतात म्हणूनही घेतात. आठवड्याने आपण एक फोन करावा, एक लहानसा निरोप टाकावा, आणि दुसऱ्या जागेच्या मागे लागावं.

आता सगळ्यांना टोचणारा प्रश्न. 'लग्न झालंय का? मुलं किती? मिस्टरांची परवानगी आहे ना?' मुलग्यांना 'मिसेसची परवानगी आहे ना' असं विचारलेलं मी सात वर्षांत ऐकलं नाही. हा प्रश्न कुठून येतो? एक तर कंपनीतला साहेब तोंडी सांगतो, 'लग्न झालेली नको', कागदावर कधीच लिहीत नाही. आणि दुसरं ते तीन महिने. मुलगी मध्येच गेली तर एजन्सीचे पैसे बुडतात. कंपनीचा पूर्वग्रह आणि एजन्सीचा हिशेब असे दोन्ही एका प्रश्नात येऊन बसतात. चाळणी लावली जाते ती एजन्सीच्या टेबलावर, त्यामुळे कंपनीचे हात स्वच्छ राहतात.

ही काही कल्पना नाही. २०२४ च्या जूनमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने तामिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरच्या फॉक्सकॉन कारखान्याबद्दल शोधवृत्त दिलं. आयफोन जोडण्याच्या कामातून विवाहित स्त्रियांना वगळलं जात होतं आणि ते काम भरती करणाऱ्या एजंटांमार्फत होत होतं, असं त्यात होतं. कंपनीने भेदभावाचा इन्कार केला. केंद्र सरकारने राज्याकडून अहवाल मागवला, मानवी हक्क आयोगाने दखल घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बातमी आली की जाहिरातींत लिंग, वय, वैवाहिक स्थिती लिहू नका असं कंपनीने एजंटांना सांगितलं. जाहिरातीतून शब्द गेले. फोनवरच्या प्रश्नातून गेले का, हे आपल्याला आपल्या फोनवरून कळतंच.

कायदा काय म्हणतो? भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करायचा नाही, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे, तिच्यातही ते आहे. पण 'लग्न झालंय का' एवढा प्रश्न विचारला म्हणून खासगी कंपनीवर लगेच कारवाई होईल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. अमरावतीत एकीने विचारलं, "मंग आमी काय सांगाव? खोटं बोलाव का?" खोटं बोलू नका. प्रश्नामागची जी काळजी आहे, तिचं उत्तर द्या: 'ही नोकरी निदान दोन वर्षं करायचा माझा विचार आहे. शिफ्टची वेळ मला जमेल, येण्याजाण्याची सोय मी पाहिली आहे.' पुष्कळदा समोरची मुलगी तेवढंच लिहून घेते आणि पुढे जाते. तिला तिच्या रकान्यात काहीतरी भरायचं असतं. एखादी मात्र अडूनच बसते. तिथे किती ताणायचं ते ज्या त्या बाईने आपली गरज पाहून ठरवावं. चूल पेटवायची असलेल्या बाईला बाणेदारपणाचे धडे देणं मला पटत नाही. पण कुणी काय विचारलं ते तारखेनिशी लिहून मात्र ठेवा.

रेझ्युमेबद्दल थोडं. आपल्याकडे मुलीचे दोन बायोडाटा असतात, एक लग्नाचा आणि एक नोकरीचा, आणि दुसरा पहिल्यावरूनच बेतलेला असतो. मी स्वतः असे अर्ज पाहिले आहेत ज्यांत उंची, वर्ण, रक्तगट आणि मामाचं गाव होतं, पण टॅली येतं हे तिसऱ्या पानावर! एजन्सीतली मुलगी एका जागेसाठी ढीगभर अर्ज चाळते, एकावर एक मिनिटही देत नाही, आणि बहुधा संगणकावर शब्द टाकून शोधते. म्हणून काय येतं ते वर, साध्या शब्दांत. टॅली, जीएसटीचं विवरणपत्र, एमएस-सीआयटी, टायपिंग किती शब्दांचं आणि कोणत्या भाषेत. घरच्या दालमिलचे किंवा कृषी केंद्राचे हिशेब तीन वर्षं तुम्ही लिहिले असतील, तर तो अनुभव आहे. 'घरचंच काम' म्हणून गाळू नका. गाळावं ते वडिलांचा-नवऱ्याचा व्यवसाय, जात, धर्म, वैवाहिक स्थिती. त्यांचं तिथे काही काम नाही.

एक फार नाजूक अडचण आहे, ती नावाची. गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँकेत तिसरंच, आणि आधीच्या नोकरीतला भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणखी वेगळ्या नावाने. निवड झालेली बाई रुजू होण्याच्या दिवशी या कारणाने अडकते आणि एजन्सी मागे रांगेत असलेल्या दुसऱ्या मुलीला पाठवून मोकळी होते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे लग्नाळू मुलींनी ऐकून ठेवावं. ज्यांनी बदललं आहे त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली प्रत तयार ठेवावी, आणि निधीच्या खात्यातलं नाव नोकरी शोधायला लागण्याच्या आधी दुरुस्त करून घ्यावं. याला वेळ लागतो.

आणि फोन. अर्जावर भावाचा किंवा सासऱ्यांचा नंबर दिलेला असतो. एजन्सीचा फोन येतो, तिकडून विचारतात, 'कोण बोलता? काय काम आहे?' ती मुलगी बिचकते, फोन ठेवते, आणि यादीतल्या पुढच्या नावाकडे वळते. कुणाचा राग नाही, कट नाही, पण नोकरी गेली. आपला स्वतःचा नंबर हवा, तो आपल्याच हातात हवा. यासाठी घरात भांडावं लागलं तर मला वाटतं हे भांडण करण्याजोगं आहे.

आता मी सगळ्यांना एक वही करायला सांगते. दर्यापूरकडची एम. कॉम. झालेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. तीन एजन्सींनी तिला फोन केले, तिने तिघींना 'हो, पाठवा' म्हटलं. "ताई, तिनं तं कंपनीचं नावच नाई सांगतलं," म्हणाली. तिघींनी तिचा अर्ज एकाच कंपनीत पाठवला. असं झालं की ही उमेदवार कोणत्या एजन्सीची, पैसे कुणाला द्यायचे, यावरून वाद नको म्हणून कंपनी पुष्कळदा तो अर्जच बाजूला ठेवते. तिचाही ठेवला. म्हणून अर्ज पाठवायला हो म्हणण्याआधी कंपनीचं नाव, गाव, पद आणि पगाराचा अंदाज विचारायचा. 'नाव गुप्त आहे' म्हणाली तर म्हणायचं, 'मग नाव सांगता येईल तेव्हा मला विचारून पाठवा.' हे नम्रपणे म्हटलं तर चांगली एजन्सी उलट खूश होते, कारण व्यवहार समजणारी उमेदवार तिलाही हवी असते. आणि निवडीनंतर दुसरीकडे जायचं ठरवलंत तर तिला फोन करून सांगा. न सांगता फोन बंद करून बसलेल्या मुलीचं नाव तिच्या यादीत वर्षानुवर्षं लाल शाईत राहतं. मला पुण्यात तीच यादी सांभाळावी लागे.

पगाराकडे येऊ. एजन्सी सांगते तो आकडा असतो सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणारा एकूण खर्च. समजा, महिना १८,००० सांगितले आणि त्यात मूळ वेतन १०,००० आहे. मालकाचा निर्वाह निधीचा वाटा १२ टक्के, म्हणजे १,२००. ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ४८१. कर्मचारी विम्याचा मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, साधारण ५१४. हे सगळं त्या १८ हजारांतच धरलेलं असतं. उरलेल्या सुमारे १५,८०० मधून तुमच्या वाट्याचे निधीचे १,२०० आणि विम्याचे ११९ कापले जातात. हातात पडतात साडेचौदा हजारांच्या आसपास. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर नाही, तो कापला असेल तर विचारा. कापलेला निधी वाया जात नाही, तो तुमचाच आहे. पण पुण्यातलं कॉटचं भाडं आणि मेस द्यायची असते ती हातातल्या पैशांतून. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: 'हातात किती?' आणि उत्तर लेखी मागायचं.

इथे थांबून एक भेद सांगायलाच हवा, कारण वऱ्हाडात 'एजन्सी' हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक, नोकरी लावून देऊन बाजूला होणारी. दुसरी, जी स्वतःच तुम्हाला कामावर ठेवते आणि दवाखान्यात, कार्यालयात, कारखान्यात पाठवते. म्हणजे कंत्राटदार. डाटा एंट्री, साफसफाई, पहारा, शिलाई यांत ही दुसरीच जास्त. २०२३ च्या ६ सप्टेंबरला राज्य सरकारने नऊ एजन्सींमार्फत बाह्यस्रोताने पदं भरण्याचा निर्णय काढला होता. तरुण मुलं-मुली रस्त्यावर आली आणि २० ऑक्टोबरला तो रद्द करत असल्याची घोषणा झाली. निर्णय रद्द झाला म्हणून कंत्राटी काम काही संपलं नाही. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन २०२४ च्या सप्टेंबरमध्ये झालं. उद्या तिथे शिलाईच्या कामाला बायका लागतील तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा: नेमणूकपत्र कुणाच्या नावाचं? पगार कुणाच्या खात्यातून? नेमणूकपत्र देणं आता नव्या श्रमसंहितेने मालकावर बंधनकारक आहे. आणि कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, नव्या संहितेतही ठेवलं आहे. दुसरा प्रश्न बसचा. बस कोणत्या गावापर्यंत येते, रात्रीच्या पाळीनंतर कुठे सोडते. रात्रपाळीला आता बाईची संमती लागते. फाट्यावर सोडून जाणार असतील तर ती संमती देण्याआधी दहादा विचार करा.

पैसे मागणाऱ्यांचं काय? नोंदणी फी, ट्रेनिंग फी, गणवेशाचे, लॅपटॉपचे डिपॉझिट. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार म्हणतो की खासगी एजन्सीने सर्वसाधारणपणे कामगाराकडून फी घेऊ नये. भारताने तो स्वीकारलेला नाही. त्यामुळे फी घेतली एवढ्यावरून गुन्हा होतोच असं नाही. पण तुम्हाला आता हिशेब माहीत आहे: ज्या एजन्सीला खरोखर कंपनी पैसे देते, तिला तुमच्या दोन हजारांची गरज का पडावी? पैसे देऊन नोकरी मिळालीच नाही तर ती फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम सांगून पोलिसांकडे जा, आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० वर फोन करा. परदेशी नोकरीचं वेगळं आहे. तिथे एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली परवाना लागतो, आणि त्याची फी ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त असू शकत नाही. आखातात जाऊ पाहणाऱ्या आपल्या नर्स मैत्रिणींनी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर एजंटाचं नाव तपासल्याशिवाय पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नये.

मूळ प्रमाणपत्रं तर कुणालाच ठेवायला द्यायची नाहीत. दाखवायची आणि परत घ्यायची. बाँडच्या बाबतीत मात्र 'असले बाँड कोर्टात टिकत नाहीत' या ऐकीव गोष्टीवर राहू नका. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध धरली. सही करण्याआधी वाचा, किंवा वाचून घ्या.

आणि शेवटचं, जे बायका सगळ्यांच्या नंतर, दाराशी थांबून सांगतात. मुलाखत लॉजच्या खोलीत आहे. संध्याकाळी सातनंतर या. एकटीच या. नाही जायचं, आणि मुलाखत दिवसा, कार्यालयात घ्या असं संदेश पाठवून लेखी मागायचं. काही घडलंच तर लक्षात ठेवा की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पीडित स्त्री म्हणजे 'नोकरीत असलेली वा नसलेली' असं स्पष्ट म्हणतो. नोकरी मिळालेली नसली तरी तक्रार करता येते. एजन्सीत दहापेक्षा कमी माणसं असतील तर तिथे अंतर्गत समिती नसते. तेव्हा तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, तीन महिन्यांच्या आत. अकोला आणि अमरावती दोन्ही जिल्ह्यांत जिल्हाधिकारी कार्यालयात तिची चौकशी करा. एकटीने जायला जड वाटलं तर आपल्यातली कुणी सोबत येईल.

आता प्रश्न घेऊ. दोघींजवळ ऑफर लेटर आहे असं मला कळलं. चहानंतर ती घेऊन इकडे या, पगाराचं पान एकत्र वाचू. बाकीच्यांनी तोवर वहीचं पहिलं पान आखून घ्या. रकाने सहा: तारीख, एजन्सी, बोलणारीचं नाव, कंपनी आणि गाव, हातात येणारा पगार, काय विचारलं.